ठिपका वरच्या बाजूला

३ मार्च
लेकीच्या पाळीव पालीने दोन अंडी घातली. (पाल नाही, गेको म्हणायचं. लेकीची ताकीद.) लेक आईकडे राहायला गेली तेव्हा गेकोची जोडी माझ्याकडेच राहिली. आज उरलेली पुस्तकं न्यायला आली होती. अंडी तिनेच उबवणीच्या पेटीत ठेवली, दोन्हींवर पेन्सिलीने ठिपका दिला आणि बरंच काही सांगितलं. मी मान डोलावत तिच्याकडेच बघत होतो. किती उंच झाली! पिल्लं निघाली की चार दिवस राहायला येणार आहे.

४ मार्च
संकल्प : अंडी रोज उलटायची. कोंबडी उलटते. ही गेको अंडी घालून खुशाल झोपली आहे. आई म्हणून शून्य. मी आहे ना! ठिपक्याचा अर्थही लागला. आज वर, उद्या खाली, म्हणजे घोटाळा नको. पोरगी हुशार, माझ्यावर गेली आहे.

१५ मार्च
टॉर्च लावून पाहिलं. आत लालसर शिरा! ताईला फोन केला. म्हणाली, भिंतीवर पाल दिसली की टेबलावर चढणारा तू. दुर्लक्ष केलं. बायकोला मेसेज केला. उत्तर आलं, 'छान.' एकच शब्द, पण ओलावा होता.

२ एप्रिल
लेकीची खोली रंगवली. पिवळी, तिचा आवडता रंग. निदान दुसरीत तरी होता. एक अंडंही पिवळट दिसतंय. पिल्लू दाटीवाटीने बसलं असेल.

१९ एप्रिल
दोन्ही अंडी चेपली आहेत. वास येतोय. मनात पाल चुकचुकली. प्राण्यांच्या दुकानदाराला विचारलं. म्हणाला, ही अंडी उलटायची नसतात हो, आतलं पिल्लू गुदमरतं. वरची बाजू वरच राहावी म्हणून तर ठिपका देतात. मी म्हटलं, ते माहीत आहे, एका मित्रासाठी विचारतोय.

२० एप्रिल
लेकीचा फोन. ठिपके वर आहेत ना, विचारलं. हो म्हटलं. खोटं नाही. कालच केलेत.

३ मे
लेकीला सांगून टाकलं. म्हणाली, बाबा, मी सांगितलं होतं ना. तिची आईही जाताना हेच म्हणाली होती. मी चार दिवसांचं विचारलं. परीक्षा आहे, बघते, म्हणाली.
फार वाईट वाटलं. अंडी टाकवत नाहीत. पेटी चालूच ठेवली आहे.
संकल्प : उद्यापासून अंड्यांना हात लावायचा नाही.