सहा मुनिया आणि भिलाईची मागची खोली

१३ फेब्रुवारी १९८३
एसटीनं जामला जाऊन आले. सहा लाल मुनिया आणल्या. लाल हे नावापुरतं, सध्या सहाही मातकट आहेत. नत्थूजी पिंजरेवाला फाट्यावर बसतो. म्हणाला, तीन जोडे हायेत बाई, डोये मिटून घेऊन जा. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं, काही फरक दिसला नाही. जोडे कसे ओळखता म्हणून विचारलं तर म्हणाला, माह्या नजरेले कयते. माणूस अनुभवी वाटला.
मला पक्ष्यांची आवड नाही, हे आधीच लिहून ठेवते. जाळीचं घर ह्यांनी बांधलं. रिटायर झाल्यावर लिंबोणीखाली खांब रोवले, जाळी ठोकली, दाराला कडी लावली आणि आठ दिवसांत गेले. दोन वर्षं झाली. रिकामं राहिलं तर गंजेल. एवढंच कारण.

१६ फेब्रुवारी
श्रावणचं पत्र. एकच मुलगा, भिलाईला नोकरीला. लिहितो, आई, बोरगावात एकटी राहण्यापेक्षा इकडे ये, मागची खोली आहे, सुलोचनाही म्हणते. सून म्हणते म्हणजे ठरलेलंच दिसतं.
हे घर एकदा कुलूप लावून सोडलं की पुन्हा उघडायचं नाही, मला ठाऊक आहे. लगेच कार्ड टाकलं: मुनियांची पिल्लं उडाली की येते, तोवर आग्रह करू नये. आता पावसाळ्यात अंडी, मग पिल्लं, तोवर दुसरी अंडी. योजना पक्की आहे.

५ मार्च
वर्ध्याच्या वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. थेट अंड्यांच्या पानापासून सुरुवात केली. आधीचं सगळं वाचायची गरज नाही.

२ एप्रिल
आजपासून नियम. सकाळी पाणी बदलणे, राळ्याचे दाणे आणि पालकाची पानं घालणे, कोंबडीच्या अंड्याचं कवच कुटून ठेवणे. जाळीपाशी दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही.

३ एप्रिल
दोन तास बसले. सावली होती म्हणून.

११ मे
जाळीवर ओली गोणपाटं टाकते. दर तासाला वाळतात. माझं जेवण राहून जातं, पण ते पक्ष्यांमुळे नाही, भूकच नसते.
श्रावणचं पत्र. कूलर घेतला, नातू पास झाला. माझ्या येण्याबद्दल एक अक्षर नाही. गप्प राहून दबाव आणतो आहे. मी बधणार नाही.

१९ जून
एक मुनिया लाल झाली. अंगावर पांढरे ठिपके. पहाटेपासून गाते.

२८ जून
तीन लाल, तीन मातकट. तीन नर, तीन माद्या. नत्थूजीची नजर म्हणजे नजर. हे घरात असते तर हाक मारून दाखवलं असतं. हाक तोंडाशी आलीच होती.

९ जुलै
चौथी लाल झाली. पुस्तकाची सोडलेली आधीची पानं वाचून काढली. विणीच्या दिवसांत नर लाल होतो, मादी मातकटच राहते, असं दिलं आहे. चौथीला पालक जास्त गेला असणार. पालक बंद.
शेजारची रुख्माबाई लिंबं न्यायला आली. म्हणाली, वैनी, हे तं सारे नवरदेवच दिसून राह्यले, नवरी कोन्ती? मी उरलेल्या दोन दाखवल्या. तिनं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, बिचाऱ्या.

२१ जुलै
पाच लाल. आता एकच मातकट. तिचं नाव भागीरथा ठेवलं. पाच स्थळं आणि एक मुलगी, निवड तिची. असं भाग्य आमच्या वेळी कोणाचं होतं.
भागीरथाही गाते. पुस्तकात गाणं नराचं म्हटलं आहे. ऐकून ऐकून शिकली असेल. मी कुठं शाळेत गेले? ह्यांचं मोठ्यानं पेपर वाचणं ऐकत ऐकतच वाचायला लागले.

३० जुलै
गवताचा गोळा करून घरटं केलं आहे. बाजूला भोक. श्रावणला कळवून टाकलं, अंडं घातलं म्हणून. अजून घातलेलं नाही, पण कार्ड पोचायला चार दिवस लागतात. तोवर घालेल.

६ ऑगस्ट
भागीरथाच्या छातीपाशी लाल दिसलं. जास्वंदीची पाकळी चिकटली असेल.

७ ऑगस्ट
पाकळी अजून आहे.

८ ऑगस्ट
चष्म्याचा नंबर बदलला असावा. वर्ध्याला जाऊन दाखवायला हवं.

१२ ऑगस्ट
रुख्माबाई म्हणाली, भागीरथा काऊन म्हनता वो वैनी, भगीरथ म्हना. तिला लिंबं दिली नाहीत.

१८ ऑगस्ट
पाऊस थांबल्यावर सहाही जण एका काडीवर ओळीनं बसले. सहाही लाल. मी घरट्यात बोट घालून पाहिलं. आत गवत होतं.
हे असते तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसले असते. मी खुर्ची तशीच ठेवली आहे, तिच्याकडे पाहिलं.
पिल्लंच होणार नाहीत तर थांबायचं कारण उरलं नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही. श्रावणला खरं लिहिलं: अंडं नव्हतं, होणारही नाही, पोळ्याला येऊन मला घेऊन जा. मुनिया रुख्माबाई सांभाळेल. तिला आज लिंबं दिली.

२ सप्टेंबर
ट्रंक भरली. ह्यांचा हातोडा आत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. भिलाईत हातोड्याचं काय काम, पण असू दे. शेवटी माझ्याशिवाय श्रावणचं भागत नाही, तर जायलाच हवं.

५ सप्टेंबर
श्रावणचं पत्र आलं. सुलोचनाच्या आई मागच्या खोलीत आहेत. एप्रिलपासून. गुडघे गेलेत, आता तिथंच राहतील. कळवायचं राहून गेलं, म्हणतो. अंड्याचं वाचून आम्हाला बरं वाटलं होतं आई, तुझं मन रमलं आहे, पक्षी सोडून येण्याची घाई करू नको. तब्येत सांभाळ.
एप्रिलपासून.
ट्रंकेतला हातोडा काढून खिळ्याच्या डब्यापाशी ठेवला. बाकीचं उद्या काढीन.

९ सप्टेंबर
जामला गेले. भांडायचं ठरवून गेले होते. नत्थूजीनं चहा मागवला. म्हणाला, माद्या पाह्यजेत नं बाई? थंडीत येजा. मी सोता निवडून देतो. थंडीत सगळ्या सारख्याच दिसतात, हे मला आता माहीत आहे. तरी येईन म्हटलं.
येताना स्टँडवरच श्रावणला कार्ड लिहिलं. थंडीत तीन माद्या आणणार आहे. अंडी पुढच्या पावसाळ्यात. तोवर आग्रह करू नये.