टॉवेलाखालची रुबी

बेंगळूर, रविवार

तीर्थरूप तात्याबा मामांच्या पायांवर भाचा जोतीरामचं लांबूनच डोकं. (जवळून ठेवायची सध्या छाती होत नाही, म्हणून पोस्टानं ठेवतोय.) इकडे मी बरा आहे. तिकडे तुम्ही, बाळाबाई मामी, थोरली मेंढरं, धाकटी कोकरं आणि मला दर वेळी चोर समजणारा तो दारातला कुत्रा, सगळे खुशाल असाल. मामींचा गुडघा कसा आहे? इथल्या वॉचमननं सांगितलेलं तेल पाठवतोय. त्याचा स्वतःचा गुडघा त्यानं बरा झालेला नाही, पण वास चांगला आहे. तुम्ही माझा फोन घेत नाही, आणि परवापासून तर तो लागतच नाही. तुमचीच लेक सुकन्या म्हणाली की मोबाईलच्या दुकानात जाऊन तुम्ही माझा नंबर बंद करायला शिकून आलात. (या वयात नवीन काही शिकलात, भाचा म्हणून लई अभिमान वाटला.) तर आता फोन गेला, कागद राहिला. कामाचं आधी सांगतो, बाकीचं मागून. मी सुकन्याला मागणी घालतोय. हे वाचून तुम्ही हसला असाल आणि काडी घेऊन कान कोरायला बसला असाल. कोरा, सावकाश कोरा. मी पुढचं लिहितो.

जोत्या कुठं टिकत नाही असं तुम्ही अख्ख्या मैंदर्गीत सांगता. खरं आहे. नववीत शाळा सुटली (शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून दोन मतं आहेत). मग होटगी स्टेशनात चहा विकला, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कानठळ्या बसेपर्यंत राहिलो, पुण्यात एका मंगल कार्यालयात पंगती वाढल्या आणि एका लग्नात वाढता वाढता स्वतःच जेवायला बसलो म्हणून तिथूनही निघालो. तिथून बेंगळुरात आलो तो पंचाक्षरी सरांच्या कंपनीत चहा करायला. सर आपल्या दुधनीच्या पलीकडचे. मी कन्नड बोललो आणि ते विरघळले. ही कंपनी वेबसाइटी बनवते. आता वेबसाइटचं पुढचं पान, म्हणजे आपल्याला मोबाईलवर जे दिसतं, दाबलं की हलतं, ते सगळं जग जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहितं. पंचाक्षरी सर मात्र रुबी नावाच्या भाषेचे. माळ घातल्यावर माणूस मटण सोडतो तशी त्यांनी जावास्क्रिप्ट सोडली आहे. ऑफिसात तिचं नाव काढायचं नाही. ज्याच्या तोंडून निघालं त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. तिथले इंजिनिअर दिवसभर कशात ना कशात अडकायचे, आणि अडकले की त्यांच्या तोंडी तिचंच नाव यायचं, की ती असती तर हे केव्हाच झालं असतं. मग चहा तेच करायचे. मला काम उरलं नाही. मला नुसतं बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. जो चहा करायला उठायचा त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसून मी रुबी शिकलो. आज मला तिथं स्वतःची खुर्ची आहे. (एक चाक नाही तिला, पण पडायच्या बाजूला भिंत आहे.) तर मामा, नोकरी पक्की आहे. सुकन्या द्या. आता तुम्ही बिरुबाची आण घेऊन काहीतरी म्हणाला असाल. ऐकलं असं समजा. पुढं वाचा.

रुबी म्हणजे कशी, तर आपण बोलतो तशी लिहायची. तिच्यात नावं मराठीत ठेवली तरी ती तोंड वाकडं करत नाही. अडचण एवढीच की मोबाईलला ती कळत नाही. त्यावर सरांचा उपाय असा की पानाबरोबर अख्खी रुबीच पाठवून द्यायची. म्हणजे जेवायला बोलावलेला पाहुणा आपली चूल, तवा, जळण आणि आचारी घेऊन दारात यावा, तसं. जेवण होतं झकास, पण आत यायला त्याला वेळ लागतो. त्यात आपल्याकडची रेंज. म्हणून तुमच्या मेंढरांसाठी केलेलं पान उघडेपर्यंत बघायला मी मान हलवणाऱ्या मेंढ्याचं चित्र ठेवलं होतं. तुम्ही पहिल्यांदा पान लावलंत तेव्हा जेवण उरकेपर्यंत तो मेंढाच बघत बसलात आणि मामींना म्हणालात, जोत्यानं काम बरं केलंय, मेंढा जिता वाटतोय. मामा, पान तेव्हा उघडलंच नव्हतं. पण मला मिळालेली तुमची ती पहिलीच शाबासकी, म्हणून मी ती ठेवून घेतली.

आता हे पान केलं कशासाठी, तर तुमच्याच बोलण्यावरून. दिवाळीत मी म्हणालो होतो की मामा, मेंढरं मोबाईलवरून विकू. तेव्हा तुम्ही खांद्यावरचा टॉवेल माझ्यापुढं धरलात. बाजारात घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव करतात, बाहेरच्याला नुसतं बोलणं ऐकू येतं, भाव कळत नाही. तुम्ही म्हणालात, “ह्यो तुझ्या काम्पुटरात बसवून दाव. मग फुडचं बोलू.” पुढचं काय ते तुम्ही बोलला नाहीत, पण आत सुकन्याच्या हातातला तांब्या पडला आणि मी त्याच रात्रीची गाडी पकडली.

मी टॉवेल बसवला. गिऱ्हाइकानं आपला भाव लिहायचा, टॉवेल हलतो आणि खालून तुमचं उत्तर येतं, अगदी तुमच्या शब्दांत. त्यासाठी मला काही शोधावं लागलं नाही, लहानपणापासून बाजारात तुमच्या शेजारी उभा राहिलोय. पहिल्यांदा कुणी मागितलं की तुम्ही हसता आणि कान कोरता. दुसऱ्यांदा मागितलं की बिरुबाची आण घेऊन सांगता, एवढ्याला तर मला घरात पडलाय. तिसऱ्यांदा टॉवेल झटकून उठता, घरला निघाल्यासारखे निघता आणि चहाच्या गाड्यापाशी थांबता. चौथ्यांदा त्यानं हाक मारली की वळून म्हणता, “ने बाबा, तू काय परका हायस?” हे सगळं मी रुबीत जसंच्या तसं उतरवलं. मामा.कान_कोरा. मामा.आण_घ्या. मामा.उठून_जायचं_सोंग_करा. मामा.ने_बाबा_म्हणा. पंचाक्षरी सरांनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, प्रोग्रॅम असा पाहिजे, आज्जीला वाचून दाखवला तर आज्जीनं विचारावं की मग पुढं काय झालं. त्यांनी तो छापून भिंतीवर लावलाय. (देवांच्या फोटोशेजारी. तुम्ही बेंगळुरात भिंतीवर आहात मामा, आणि मैंदर्गीत माझ्यावर रागावून बसलाय.)

मग घात झाला. सोलापूरचे नबीसाब, तुमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांचा नातू अल्तमश कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. त्यानं आजोबांसाठी पान उघडलं आणि पानाच्या पोटात काय आहे ते बघितलं. मोबाईलवर पाठवलेली रुबी कुणालाही उघडून वाचता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सर मागून म्हणाले की पुढचं पान म्हणजे घराचा ओटा, घरातलं बोलणं तिथं करायचं नसतं, ते आत माजघरात. (हे आधी सांगितलं असतं तर? पण तेव्हा ते रडत होते.) जावास्क्रिप्टच्या गुंत्यात लिहिलं असतं तर अल्तमशलाही दोन दिवस डोकं खाजवावं लागलं असतं. पण ही पडली रुबी, वर मराठीत. त्यानं पेपरातली बातमी वाचावी तशी मोठ्यानं वाचली. नबीसाब पोट धरून म्हणाले, “अरे, ये तो पूरा तात्याबाच है.”

इथवर नुसती थट्टाच होती. पण अल्तमश म्हणाला की दादाजान, यात भाव कुठंच बघितलेला नाही. मामा, तेही खरं निघालं. कितव्यांदा मागतोय तेवढं मी बघितलं, काय देतोय ते बघायचं राहून गेलं. माझा तरी काय दोष? मी जन्मभर टॉवेलाच्या बाहेर उभा. मला तुमचं तोंड दिसायचं, बोटं कधीच दिसली नाहीत. जे दिसलं ते लिहिलं. नबीसाबांनी भावाच्या जागी लिहिलं, एक नारळ. चारदा लिहिलं. चौथ्यांदा टॉवेलाखालून तुम्ही म्हणालात, ने बाबा. आणि सरदार, पानावर विकायला ठेवलेला तुमचा तो शिंगांचा नवरदेव मेंढा, नारळावर गेला. तुम्ही दिलात. का, तर टॉवेलाखालचा शब्द फिरवला की त्या माणसाशी पुन्हा कुणी टॉवेल टाकत नाही. तुम्ही चूक काढत बसला नाहीत, मेंढा सोडलात, नारळ घेतलात आणि माझा नंबर बंद केलात.

पुढच्या बाजारातलं सुकन्यानं सांगितलं. तुम्ही बिरुबाची आण घेतलीत तर नबीसाबांनी तुमचा टॉवेल उचलून तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, चलो, अब उठो. तुम्हाला खरोखरच एसटी गाठायची होती म्हणून उठलात, तर गिऱ्हाइकं चहाच्या गाड्यापाशी तुमची वाट बघत उभी राहिली. घरात मामीसुद्धा आता प्रत्येक गोष्ट चारदा मागतात आणि सगळ्या मिळतात. तुम्हाला बाजारात तोंड उघडायची चोरी झाली. एवढं ऐकून मला इकडे जेवण गेलं नाही. (म्हणजे गेलं, पण भात तेवढा ठेवला.)

पण मामा, एक गोष्ट तुम्ही मला कळवली नाहीत. सरदारनं नबीसाबांच्या टेम्पोची सीट फाडली, दाराची कडी वाकवली, आणि नबीसाब चप्पल घालायला वाकले तेव्हा त्यांना चपलेशिवायच अंगणात पोचवलं. ते मेंढा घेऊन तुमच्या दारात आले, तात्याबा, परत घे म्हणाले. तुम्ही हसलात आणि कान कोरलात. मग बिरुबाची आण घेतलीत की विकलेलं जनावर मी घरात घेत नाही. मग टॉवेल झटकून उठलात. आणि चौथ्यांदा म्हणालात, “आण बाबा, तू काय परका हायस?” सुकन्या दाराआड उभी होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणजे रुबी कुठंच चुकली नाही. तुम्ही तसेच आहात, आणि बाजाराला तुम्ही तसेच आवडता, नाहीतर नबीसाब परत का आले असते?

तर राग सोडा आणि सुकन्या मला द्या. बहिणीचा मुलगा आहे, आपल्याकडे अशी सोयरीक काही नवी नाही. आता तुम्ही पत्र खाली ठेवून टॉवेल झटकून उठला असाल. चहा घेऊन या. मी थांबतो.

तुमचा भाचा,
जोतीराम

ता. क. पान मी दुरुस्त करतोय. भाव आता आत माजघरात बघितला जाईल. पण कुठलं बोट म्हणजे किती, हे मला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते तुम्ही घरच्या माणसाशिवाय कुणाला सांगत नाही म्हणे. विचार करा.

ता. क. दुसरा. या पत्राचं शुद्धलेखन सुकन्यानं तपासलंय. मी पानांचे फोटो पाठवले, तिनं चुका काढल्या आणि तिच्या नाकाबद्दल लिहिलेली अर्धी बाजू खोडायला लावली (आबा भडकतील, आणि ते खरंही नाही, असं तिचं मत). कुठं मागायचं, कुठं थांबायचं आणि तुम्ही कुठं उठाल, हेही तिनंच सांगितलं. मी एकदाच मागून पळणार होतो. ती म्हणाली, येड्या, एकदा मागून आबांनी कधी काय दिलंय?

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच. बाजारच्या दिवशी नबीसाब माझ्या वतीनं टॉवेल घेऊन येतील. त्यांना बोटं कळतात, मला नाही. माझ्या हातात काय आहे ते बघू नका, प्रोग्रॅमही अजून बघत नाही. सुकन्याला मी हे चौथ्यांदा मागतोय. तुम्ही काय म्हणायचं ते अख्ख्या बाजाराला पाठ आहे. आणि सरदारला घरात घेतलंत मामा, मी तर धडकतसुद्धा नाही.