आठवी ‘ब’चा गठ्ठा

४ फेब्रुवारी १९७४
शाळेचा शिपाई महिपती दारात. ‘बाई, इंग्रजीचा गठ्ठा न्यायला आलोय. हेडसर म्हनले, दुसरं सर तपासतील.’
एक्केचाळीस पेपर. ह्यांच्या हातून एकही झाला नाही. ह्यांना जाऊन आज दहा दिवस.
‘शुक्रवारी या. तपासून देते.’
‘तुमाला इंग्रजी येतं व्हय?’
मी आत आले.

५ फेब्रुवारी
मी सातवी पास. आम्हाला इंग्रजी नव्हतं; अक्षरं तेवढी लग्नानंतर ह्यांनी शिकवलेली. पण दिवाळीत ह्यांनी चष्मा आणला, तरी अक्षर पुसट दिसतं म्हणायचे. तेव्हापासून पेपर मी वाचायचे, हे डोळे मिटून ऐकायचे. ‘तूच सांग, बरोबर की चूक?’ सांगितलं की ‘का?’ त्याचं उत्तर दिल्याशिवाय पान उलटायचं नाही. लाल पेन्सिल माझ्याच हातात असायची.
आता ‘का’ विचारणारं कोणी नाही. मीच विचारते.
दुपारी डॉक्टर भेटून गेले. छातीचं दुखणं मास्तरांना दिवाळीआधीच सांगितलं होतं म्हणे. हे मला एका शब्दानं बोलले नाहीत! राग आला. पहिले दोन प्रश्न संपवूनच उठले.

६ फेब्रुवारी
प्रश्न तिसरा — ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ घाला, नको तिथे रेघ ओढा. मिल्क, सॉल्ट — मोजता येत नाही, रेघ. ब्रेडपाशी अडले. पंचवीस पोरांनी ‘ए ब्रेड’ लिहिलंय.
सासूबाईंना म्हटलं, ‘इंग्रजीत त्यांची भाकरी मोजत नाहीत.’
‘मग वाढतात कशी ग? तुझ्या सासऱ्यांना चार लागायच्या. मोजूनच टाकायची की मी.’ दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.
ह्यांच्या वहीत शोधलं. ब्रेड साखर-पाण्याच्या रांगेत आहे. तुकडा म्हटलं तरच मोजायचा. पंचवीस जणांचा अर्धा-अर्धा मार्क कापला.

८ फेब्रुवारी
गठ्ठा दिला. संध्याकाळी हेडमास्तर स्वतः आले. ‘चूक सापडली नाही, बाई. आणि दिवाळीपासून हेच अक्षर आहे.’
मी चहा आणून ठेवला.
‘मॅट्रिकला बसा. फॉर्म शाळेत आहे.’
बघू म्हटलं. ह्यांच्याशिवाय कसं जमणार?

११ फेब्रुवारी
महिपतीला जवळचं दिसत नाही. ह्यांचा चष्मा त्याला चालेल का, विचारायला चष्मेवाल्याकडे नेला.
‘ह्याला नंबरच नाही, बाई. मास्तरांची नजर चांगली होती. साधी काच घाला म्हणाले, घातली.’
चष्मा परत आणला. वाटेत शाळेतून फॉर्म घेतला.