कुलपाआडची फौज

१२ मे, सोमवार

पुन्हा कुलूप! साडेआठला उन्मेष मिहान वसाहतीतल्या ऑफिसात निघाला आणि बाहेरून कुलूप घालून गेला. पोटचा मुलगा! एप्रिलमध्ये भर दुपारी भाजी आणायला गेले आणि शंकरनगर चौकात चक्कर आली, एवढाच माझा गुन्हा. "उन्हाळा संपेपर्यंत, आई. तुझ्याच भल्यासाठी." आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केली, माझं भलं मीच पाहिलं. तेव्हा कुणी कुलूप घातलं नव्हतं.

वेदिकाला पुण्याला फोन केला. तिथं नोकरी करते म्हणून काय झालं, बायकोनं नवऱ्याचे कान उपटायला नकोत? तर म्हणते, "आई, सध्या त्याला काही बोलू नका." छान!

१३ मे

कूलर, टीव्ही, भिंत. कंटाळून उन्मेषच्या कपाटातला खोका उघडला. त्याचा तो युद्धाचा खेळ — चार-पाच बाप्ये टेबलाभोवती जमून प्लॅस्टिकचे सैनिक सरकवतात आणि फासे टाकतात. याची फौज परग्रहावरच्या राक्षसांची. पण अख्खा राक्षस एकही नाही! प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे पंजे, शेपट्या, जबडे. नेलकटरनं एकेक तोडला आणि चिकटवायला बसले. माझा अंगठा आणि बोट चिकटलं, राक्षस सुटाच.

संध्याकाळी उन्मेष हसला. किती दिवसांनी! "आई, याचे हात पाठीला लावलेस."

म्हटलं, "तू त्यांच्या ग्रहावर जाऊन बघून आलास का?"

१५ मे

सकाळी भांडी घासायला आलेली भावना टेबलाशी थबकली. "मावशी, हे कायचे किडे होय वं?" मग हळूच, उन्मेष आंघोळीला गेलेला पाहून — "अन् दादा तुमाले काहून कोंडून ठेवून राह्यला?"

काय सांगणार? उन्हामुळे, म्हटलं. तिचाही विश्वास बसला नाही.

१७ मे, शनिवार

रंगाआधी प्रायमरचा फवारा मारायचा असतो. दुपारी बाल्कनीत मारला. सगळे राक्षस रव्यात घोळवल्यासारखे खरखरीत! उन्मेष म्हणाला, नागपूरच्या उन्हात फवारा हवेतच वाळतो, अंगावर नुसती पूड बसते. हे काम गच्चीवर, पहाटेच्या गारव्यात करायचं. आता सगळं घासून काढा.

चांगल्या उतरलेल्या एकाचे डोळे मात्र रंगवले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनं रुमालाच्या कोपऱ्यात तिळाएवढे गुलाब भरायला शिकवलं होतं. टाका जाडा आला की निर्दयपणे उसवायला लावायची बाई. सहा डोळे, सहा ठिपके, एकही ओघळ नाही. उन्मेष बघत राहिला. म्हणाला, त्याला आता जमत नाही. हल्ली ब्रश हातात धरतो आणि तसाच खाली ठेवतो.

१९ मे

रविवारी त्याच्या मित्रमंडळींचा सामना आहे. बिनरंगाचा सैनिक चालत नाही, असा त्यांचा नियम. बरं झालं! ब्रश धुऊन ठेवला. सांगितलं, घराची किल्ली दे, नाहीतर तुझी फौज नागडी जाईल.

वाटलं होतं हसेल. तो पांढरा पडला. "खाली जायचं नाही, आई. फक्त गच्ची. कबूल कर."

मी काय आठ वर्षांची आहे? कबूल-बिबूल काही केलं नाही, किल्ली तेवढी घेतली.

२१ मे, बुधवार

गच्ची!

उजाडायच्या आत वर गेले. अंबाझरी तलावाकडून चक्क गार वारा. राक्षस ओळीनं मांडले, फवारा मारला. रेशमासारखे काळे, एक खडा नाही. वाळायला पाच मिनिटं पुरतात, मी ऊन चटके देईपर्यंत बसून राहिले. समोरच्या गच्चीवरच्या बाईला हातसुद्धा केला. ओळख ना पाळख!

दाराचं कुलूप आतूनही किल्लीनं उघडतं. उन्मेषकडे दुसरी किल्ली आहे, ही परत मागायला तो विसरला. मी कशाला आठवण करू? उद्या तो गेला की थेट वाचनालयात.

२२ मे

साडेदहाला उतरले. रस्त्यावर ऊन म्हणून इमारतीच्या मागच्या बाजूनं निघाले.

कडुनिंबाखाली उन्मेषची गाडी. आत उन्मेष. काचा खाली, शर्ट घामानं चिकटलेला, मांडीवर मी सकाळी भरलेला डबा. डोळे मिटलेले. मला त्यानं पाहिलं नाही.

गळ्यातलं ते ऑफिसचं ओळखपत्र एप्रिलपासून दिसलं नव्हतं. आत्ता ध्यानात येतंय. नोकरी गेली. वेदिकाला माहीत आहे.

मी खाली उतरून पाहू नये, म्हणून कुलूप.

आवाज न करता वर आले. आतून किल्ली फिरवून कुलूप होतं तसं लावलं आणि बसले. एकही राक्षस रंगवला नाही.

संध्याकाळी विचारलं, ऑफिसात काय म्हणतंय. म्हणाला, "चाललंय."

२३ मे

डबा भरला नाही. दोन ब्रश काढले. तो बूट घालत होता, त्याच्या हातात किल्ली दिली.

म्हटलं, "दार आतून लाव. निम्मे राक्षस उरलेत, आणि गाडी फार तापते."