मिटलेल्या भांडणाची साक्ष

अण्णास,

धाकट्या बापूचा नमस्कार. तू जाऊन चार वर्षं झाली, एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण समन्स आलंय. सोमवारी गडहिंग्लजच्या कोर्टात तुझ्या हातावरच्या घावाची साक्ष आहे. तू नाहीस, म्हणजे सगळं माझ्याच तोंडावर! मी चौथी शिकलेला. कागद तीनदा वाचला.

चूक माझीच. पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या महादूनं माझ्यादेखत विळा मारला, तुझ्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या, आणि तुला दवाखान्यात ठेवून मी फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात पळालो. शुद्धीवर येताच तू ओरडलास, "एवढी कसली घाई झालती रं तुला? पंच मेलं हुतं व्हय?" अण्णा, रक्त बघून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढंही तू कधी समजून घेतलं नाहीस!

पंचांचा निवाडा अजून आठवतो. तुझा हात चालत नाही, तर महादूनं दोन वर्षं तुझा हात व्हायचं. बिरोबाच्या देवळात आपण तिघांनी देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली, भांडण संपलं म्हणून.

रोज सकाळी तो धार काढायला यायचा. तू भिंतीला टेकून खेकसायचास, "आरं, म्हस हाय ती, पाण्याचा पंप न्हाय!"

"मग या की, तुमीच काढा!"

दोघं हसायचात. मला मात्र तेव्हाही धास्ती, ठाण्यातला तो कागद कुठवर गेला असेल? तू तापानं गेलास, तेव्हा पुढचा खांदा महादूचाच होता.

सरकारी वकीलबाईंना हे सगळं सांगून आलो. म्हणाल्या, "आजोबा, हा गुन्हा तडजोडीनं मिटत नाही. विचारतील तेवढंच सांगा. बघितलंच नाही म्हणालात, तर फितूर ठराल."

फितूर! खरं बोललो तर महादू तुरुंगात आणि मी भंडाऱ्याला फितूर. खोटं बोललो तर कोर्टाला फितूर. कुठल्या दारानं बाहेर पडू रे?

"पंचांचं कायबी धरत न्हाईसा?" मी विचारलं. कायद्यात त्याला जागा द्यावी, अशी मोठ्या लोकांत चर्चा आहे म्हणाल्या.

"सोमवारपतूर हुईल का?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मनानं मिटलेलं कुठलं आणि दडपलेलं कुठलं, हे कोर्टानं ओळखायचं कसं?"

मला आपल्या गावातली कांबळ्यांची सून आठवली. तिला मारहाण झाली, तेव्हा याच पंचांनी "मिटलं" म्हणून तिचं तोंड बंद केलं होतं. चावडीत आपण दोघंही बसलो होतो. का नाही बोललो आपण, अण्णा?

आता बोलेन. विळा महादूचाच होता, हे सांगेन. आणि बाईंनी कितीही डोळे वटारले, तरी त्यानं दोन वर्षं काढलेली धारही सांगेन, कुणी गप्प करेपर्यंत. तू त्याला माफ केलंस, हे कोर्टाच्या कागदावर एका ओळीनं तरी यावं.

पण हे महादूला पहिल्यांदा कोर्टात कळू देणार नाही. आजच त्याच्या दारात जातो, तोंडावर सांगतो. शिव्या दिल्या तर उभा राहून ऐकेन. या वेळी पळणार नाही.

तुझा भाऊ,
बापू