टॉनिक म्हणून सांगितलेली गोळी

३ मार्च, रविवार
आईने नोकरीसाठी शिवून दिलेल्या कोटाचं मधलं बटण आज लागलं नाही. श्वास सोडल्यावर लागलं, पण मग श्वास घेता येईना. महिनाअखेरीला मी काम करते त्या आरोग्य संस्थेचा मेळावा. त्यात माझं पहिलं भाषण, विषय ‘औषधे जपून घ्या’. आई पहिल्या रांगेत बसणार आहे.
कोट सैल करणं आईला किरकोळ काम आहे. पण माझ्या लेकीचं माप मला तोंडपाठ आहे, असं ती गिऱ्हाइकांना सांगत असते. तिला खोटं कसं पाडायचं? त्यापेक्षा मीच बारीक होणार. शास्त्रीय पद्धतीने.

५ मार्च, मंगळवार
मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला. वजन विचारलं, ते जरा वाढवून सांगितलं, नाहीतर चाला म्हणाले असते. घरात कुणाला बीपी? नाही, म्हटलं. आईचं बीपी शिवणकामाच्या दगदगीमुळे आहे, ते घराण्यातलं म्हणता येणार नाही. भूक मारणारी गोळी लिहून मिळाली. थोडेच दिवस घ्यायची, दर आठवड्याला बीपी मोजायचं, छाती धडधडली तर थांबायचं. डॉक्टर फारच जपून बोलतात. माझ्या भाषणात घेण्यासारखं आहे.

७ मार्च, गुरुवार
आईने बाटली पाहिली. कसली गं गोळी? टॉनिक, म्हटलं, डोक्याला तरतरी येते. हे खोटं नव्हे, सोपं करून सांगणं आहे. संस्थेत आम्हाला त्याचंच ट्रेनिंग दिलंय. आई म्हणाली, घे बाई, शिकलेल्यांना डोकं जास्त चालवावं लागतं. वर बाटली स्वतःच पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली, मी विसरू नये म्हणून.
अंथरुणावर पडल्यावर जरा वाईट वाटलं. मेळावा झाला की सगळं सांगेन.

१० मार्च, रविवार
भूक गायब. तोंड कोरडं. झोप नाही. छाती धडधडते, पण ध्येय असलेल्या माणसाची धडधडतेच. बाटलीसोबतच्या कागदावर दुष्परिणाम छापले आहेत. भाषणासाठी आयते मुद्दे मिळाले, आणि बहुतेक अनुभवाचे.
बीपी मोजायचं राहिलं. संस्थेचं मशीन मेळाव्यासाठी खोक्यात बांधून ठेवलंय. मीच बांधलं.

१४ मार्च, गुरुवार
ऑफिसात मोठ्या मॅडमवर ओरडले. कारण स्टेपलर. सत्यासाठी आवाज चढला तर चालतो, असं मी मानते, पण स्टेपलर त्यांचाच होता. माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते राहू दे, हात का थरथरतोय तुझा? भाषणाची तयारी, म्हटलं. त्या म्हणाल्या, भाषण तोंडाने करायचंय ना?
उद्यापासून गोळी बंद करावी का? पण मध्येच सोडणं हा माझा स्वभाव नाही.

१७ मार्च, रविवार
आईत केवढा बदल झालाय. उजाडायच्या आत शिलाई मशीनवर बसते, जेवणाचं नाव काढत नाही. सारखी पाणी पिते. सुईत दोरा ओवताना हात थरथरला, तर स्वतःच हसली, म्हणाली, तरतरी आहे बाई खरी. घरातलं एक माणूस शिकलं की सगळं घर बदलतं, असं कॉलेजात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.
बाटली मात्र भराभर रिकामी होतेय. मी विसरून दोनदा घेत असणार. शिस्त वाढवली पाहिजे.

२१ मार्च, गुरुवार
आईचं डोकं दुखतंय. बीपीची गोळी घेतेस ना? म्हणाली, घेते की, सगळ्या घेते. ‘सगळ्या’ हा शब्द खटकला. विचारायला हवं होतं. तेवढ्यात कोट घालून पाहिला. बटण लागलं. आनंदात विचारायचं राहून गेलं.

२३ मार्च, शनिवार
गिऱ्हाइकाचं माप घेता घेता आई खाली बसली, ती उठलीच नाही. शेजारच्या काकूंनी ऑफिसात फोन केला. मी पोचले तेव्हा ती हॉस्पिटलात होती. बीपी किती, ते नर्सने मला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं.
आईला शुद्ध आहे. मला पाहताच म्हणाली, तू कशाला सुट्टी काढलीस. मग हळूच म्हणाली, तुझ्या बाटलीतली रोज एक घेत होते गं. भाषणाला चार शिकलेल्या माणसांत बसायचं, मला काही कळायला नको का? डोकं जरा चालेल म्हटलं.
बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर आमच्याच संस्थेचं ‘औषधे जपून घ्या’ पोस्टर होतं. मजकूर मी लिहिलेला.

२४ मार्च, रविवार
आईचा धोका टळला, असं म्हणतात. तरी आणखी काही दिवस इथेच.
सकाळी डॉक्टरांना सगळं सांगायचं ठरवून गेले. वाक्यं पाठ केली होती, बाटली बरोबर घेतली होती. त्यांनी बाटली हातात धरून विचारलं, या याला टॉनिक म्हणतात, तसं यांना कुणी सांगितलं? मी तोंड उघडलं, तर आईच बोलली. म्हणाली, कुणी नाही हो, मीच अडाणी, मला वाटलं टॉनिक. माझी मुलगी तर नको नको म्हणत होती.
आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिला अजिबात जमत नाही. नजर खाली, चादरीची शिवण चाचपत होती.
डॉक्टरांनी कोपऱ्यातलं बीपीचं मशीन ओढलं, मला स्टुलावर बसायला सांगितलं आणि म्हणाले, बाही वर करा.