नाताळच्या नव्या प्रथांची रंगीत तालीम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजव्याबद्दल पानभर लिहिलं होतंस, डाव्याबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून डावा बरा आहे असं धरून चाललोय. (गुडघ्यांच्या बाबतीत 'धरून चाललोय' हे बरं दिसत नाही, पण आता खोडलं तर कागद खराब होईल.) माझी तब्येत उत्तम आहे. झोप लागते, भूक लागते, फक्त दोन्ही एकाच वेळी लागतात. पत्र लिहायला खास कारण असं काही नाही. सहज आठवण आली.

तुला माहीतच आहे, आमच्याकडे नाताळ हे खातं पूर्णपणे तुझ्या भावजयीकडे होतं. झाड कधी आणायचं, चांदणी कुठे लावायची, केकचं मिश्रण कोणी घोटायचं, टेबलाशी कोणी कोणाशेजारी बसायचं आणि कोणी कोणाशेजारी अजिबात बसायचं नाही, हे सगळं ती नोव्हेंबरातच ठरवून टाकायची. माझ्याकडे चाळीस वर्षं एकच काम होतं, शिडी धरणं. शिडीवर कोण चढलंय हे पुष्कळदा मी वर मान करून पाहिलंही नाही. मार्चमध्ये ती गेली, आणि नोव्हेंबरात माझ्या ध्यानात आलं की नाताळातलं मला शिडीपलीकडे काही येत नाही.

त्यातच थोरलीचा फोन आला. (थोरली म्हणजे माझी मुलगी. तू तिला अजून 'छकुली' म्हणतेस. ती आता अडतीसची आहे आणि हाताखालच्या अकरा जणांवर ओरडते.) इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आईचं सगळं तसंच्या तसं करायला गेलो तर कुणालाच झेपणार नाही. या वर्षी आपण नवीन काहीतरी सुरू करू या. तुम्ही विचार करून ठेवा." तिनं हे बोलता बोलता म्हटलं असेल. पण ताई, गेल्या आठ महिन्यांत मला कोणी विचार करून ठेवायला सांगितलं नव्हतं. जेवून घ्या, गोळी घ्या, दार नीट लावून घ्या, एवढंच सांगतात. मी फोन ठेवला आणि लगेच वही काढली.

आता तू माझा धंदा जाणतेस. मी लोकांच्या कवळ्या करतो, अजूनही करतो, पुढच्या खोलीत, त्याच खिडकीपाशी. आमच्यात पहिल्या फटक्यात पक्की कवळी कोणाच्या तोंडात घालत नाहीत. आधी मेणात दात बसवायचे, ती मेणाची कवळी माणसाला लावून बघायची, कुठे टोचतं, बोलताना कुठे शिट्टी वाजते ते पाहायचं, आणि मगच पक्कं काम. तेव्हा मी ठरवलं की नव्या प्रथांचंही असंच करायचं. मुलं यायच्या आत प्रत्येक प्रथा स्वतःला लावून बघायची. (सबंध कुटुंबाची प्रथा एका माणसाला लावून बघण्यात एक अडचण आहे, ती मला सुरुवातीला दिसली नाही.)

पहिली प्रथा चिठ्ठ्यांची. सगळ्यांची नावं टोपीत टाकायची, ज्याची चिठ्ठी येईल त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं भेट बनवायची, विकत आणायचं नाही. मी, थोरली, जावई, नात, चिरंजीव आणि सूनबाई अशा सहा चिठ्ठ्या केल्या आणि उचलली. माझीच आली. परत टाकली, टोपी हलवली, पुन्हा माझीच. तिसऱ्यांदा आली ती तुझ्या भावजयीच्या नावाची. मी सहा नाही, सात चिठ्ठ्या केल्या होत्या. हाताला सवय असते. ती चिठ्ठी काही मी परत टोपीत टाकली नाही. थोडा वेळ बसलो, गॅसवर पाणी ठेवलं होतं ते आटून गेलं. मग उठून चौथी चिठ्ठी उचलली, ती नातीची निघाली. नात सात वर्षांची आहे, तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेत, तेव्हा तिला गंमत वाटेल म्हणून मी कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला घेऊन त्याची पाच टोकांची चांदणी केली आणि प्रत्येक टोकाला एकेक पुढचा दात बसवला. काम म्हणून सांगतो, फार सुबक झालं. चकाकी बघायला म्हणून खिडकीत टांगली. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतली एक बाई दारात उभी. तिचा लहान मुलगा ती चांदणी आपल्याकडे बघून हसते असं म्हणून जेवायला तयार नव्हता. फार सभ्य बाई. चांदणी फिरवून लावता येईल का, एवढंच तिनं विचारलं. मी फिरवली. (दातांची मागची बाजू जास्त भयंकर दिसते हे सामान्य माणसाला माहीत नसतं. ती तासाभरात परत आली.)

दुसरी प्रथा जादा खुर्चीची. टेबलाशी एक खुर्ची जास्त मांडायची आणि त्या दिवशी दारावर जो पहिला येईल त्याला बोलावून जेवू घालायचं. मी एका मंगळवारी दोन ताटं मांडली, सूप केलं, पाव भाजला आणि वाट पाहत बसलो. साडेबारापर्यंत कोणी आलं नाही. (दारावर कोणी येत नसेल तर या प्रथेला अर्थ राहत नाही, अशी वहीत नोंद केली.) पावणेएकला विजेचं मीटर वाचणारी आली. मी तिला सांगितलं, बसा, जेवा, आमच्याकडे ही प्रथा आहे. केव्हापासून, असं तिनं विचारलं. आजपासून, असं सांगावं लागलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, पिशवी मांडीवरच ठेवली. सुपात मीठ दोनदा पडलं होतं हे मला पहिल्याच घोटाला कळलं, पण पाहुण्यासमोर काय बोलणार. मग तिनं मीटर वाचून हातातल्या यंत्रावर टिपलेला आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "मागच्या डिसेंबरच्या निम्मीच वीज जळलीय. घर बंद होतं का?"

मी म्हटलं, नाही, मी घरीच होतो.

तिनं वाटी पुढे केली आणि अजून थोडं सूप मागितलं. ताई, ते सूप दुसऱ्यांदा मागणारा माणूस मी आयुष्यात विसरणार नाही.

तिसरी प्रथा फाशांची. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून फिरायला निघायचं, पण कुठे ते आधी ठरवायचं नाही. प्रत्येक कोपऱ्यावर फासा टाकायचा, सम आला तर उजवीकडे, विषम आला तर डावीकडे, आणि दहा वळणांनंतर जिथे पोचू ते आपलं त्या वर्षीचं ठिकाण. कल्पना मला अजूनही चांगली वाटते. एकट्यानं करताना मात्र फुटपाथवर उकिडवं बसून फासा टाकणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाकडे लोक वेगळ्याच नजरेनं बघतात. आठव्या वळणाला मी एका अंगणात शिरलो. तिथे रांग होती. ठिकाण दोन वळणं आधीच आलं असं समजून मी रांगेत उभा राहिलो. (किती दिवसांनी कोणाच्या तरी मागे आणि कोणाच्या तरी पुढे उभा होतो, बरं वाटलं.) पुढे सरकत गेल्यावर कळलं की कुत्र्यांना मोफत लस टोचत होते. माझ्या मागेपुढे सगळ्यांजवळ कुत्री होती, ते मी पाहिलंही होतं, पण कुत्र्यांचे शौकीन लोक असतील असं वाटलं. डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं वही उघडून कुत्रा कुठाय म्हणून विचारलं. इतका वेळ रांगेत उभं राहून खरं सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, घरी आहे. तिनं वय विचारलं. म्हातारा आहे, मी म्हटलं. खातो का? कधी कधी. तिनं पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "दिवसभर एकटं ठेवत असाल तर रेडिओ चालू ठेवत जा. घरात आवाज असला की त्यांना बरं वाटतं."

त्या दिवसापासून मी रेडिओ चालू ठेवतो. गुण आहे.

चौथी प्रथा मी आधी वहीत लिहिली आणि मग खोडली आणि मग पुन्हा लिहिली. नाताळच्या सकाळी प्रत्येकानं तिची एक वस्तू अंगावर घालायची. कोणी शाल, कोणी स्कार्फ, नातीला मण्यांची माळ. त्यासाठी कपाट उघडणं आलं, आणि ते मार्चपासून बंद होतं. मी तपकिरी स्वेटर काढला, तो ती केक करताना घालायची. बाह्या मला आखूड होतात. घालून आरशात बघायच्या आत घंटी वाजली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका कवळीचं माप द्यायला आल्या होत्या, मी वेळ देऊन विसरलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकी स्वेटर, मोराच्या आकाराच्या गुंड्या. मी काहीतरी सांगायला लागलो, गारठा आहे, हाताला लागला तो घातला, असं. त्या म्हणाल्या, "एक गुंडी चुकलीय." आणि चाळीस वर्षं पोरांच्या गुंड्या लावल्या असतील त्याच हातानं त्यांनी माझ्या सगळ्या सोडून पुन्हा नीट लावल्या, खुर्चीत जाऊन बसल्या आणि तोंड उघडलं. मी माप घेतलं. माप चुकलं. डोळ्यांत पाणी असताना घेऊ नये. परवा त्यांना पुन्हा बोलावलंय, त्या मुकाट्यानं येते म्हणाल्यात.

तर अशा तालमी झाल्या. चारही प्रथा किरकोळ फेरफार करून मंजूर केल्या आहेत आणि तीन पानांचं पत्रक मुलांना पाठवलंय. झाड आणलंय. शिडी भिंतीला टेकवून एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं चांदणी लावली. ती तिरकी लागलीय, पण लागलीय. पंचवीस तारखेला घर भरलेलं असेल, पोरांचा गोंधळ असेल, मला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. तू माझी काळजी करू नकोस.

तुझा
धाकटा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खरा नाही. झाडाचं खरं आहे. मुलं येत नाहीयेत. गुरुवारीच कळलं. थोरलीला वाटलं होतं की 'नवीन काहीतरी' म्हणजे या वर्षी ज्यानं त्यानं आपापल्या घरी शांतपणे करायचं आणि दुपारी फोनवर एकमेकांचे चेहरे बघायचे. तिचं चुकलं नाही, मीच नीट विचारलं नाही. माझं पत्रक वाचून ती फोनवर रडायला लागली, मग मीच तिला समजावलं की मला घरी बरीच कामं आहेत. चिरंजीवांनी पत्रक छान आहे असा निरोप पाठवलाय.

ता. क. दोन. आता लिहितोच. चौदा वर्षांपूर्वी भेटी जेवणाआधी उघडायच्या की नंतर, यावरून तुझी आणि तिची जी जुंपली, त्यात तू न जेवता पिशवी उचलून निघालीस. मी वाढायचा डाव हातात घेऊन उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. ना तुझ्या बाजूनं, ना तिच्या. मला वाटलं होतं, न बोलल्यानं मिटेल. मार्चमध्ये तू अंत्यविधीला आलीस, चर्चमध्ये मागच्या रांगेत बसलीस, माझा हात धरलास आणि दुपारच्या गाडीनं परत गेलीस, तेव्हाही मी 'थांब' म्हटलं नाही. जानेवारीत दवाखान्यात ती मला म्हणाली होती, पुढच्या नाताळला ताईंना बोलवा, माझं जरा जास्तच झालं होतं. हे तुला सांगायला मी अकरा महिने लावले. तर ताई, पंचवीसला ये. भेटी तू म्हणशील तेव्हा उघडू. फोन करणार होतो, पण फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस आणि त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझे चार दिवस जातात.

ता. क. तीन. (हे पेन्सिलनं आहे, सांभाळून घे.) पोस्टातल्या खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, आता टाकलंत तर नव्या वर्षातच पोचेल. म्हणून मीच घेऊन आलोय. तुझ्या दारापर्यंत आलो, घंटीवर बोट ठेवलं, आणि काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा जिन्यावर बसून हे लिहितोय. तू आत आहेस, भांड्यांचा आवाज येतोय. पानं दाराखालून सरकवतो, सावकाश वाच. परतीची गाडी सव्वातीनला आहे. मी तिकीट काढलेलं नाही.